सांदवाडींतील शेजारी

वन्य प्राणी पाहावयाचे म्हणजे नागझिऱ्यास किंवा नवेगांवबांधास गेलें पाहिजे, अशी आपणांपैकीं पुष्कळांची समजूत असते. कोक्याचें अभयारण्य २०१३ सालीं जाहीर झाल्यापासून तर वाघ-बिबट्यांच्या गोष्टी आपल्या भागांतील ओसरीओसरीवर चालतात. परंतु ज्या वन्य जीवांशीं आपला जन्मापासून संबंध येतो, ज्यांच्या आवाजानें आपण जागे होतों व ज्यांचा आवाज ऐकत निजतों, ते अभयारण्यांत राहत नाहींत. ते आपल्या घरामागील सांदवाडींत राहतात. त्यांना पाहण्यास परवाना लागत नाहीं, गाडी लागत नाहीं, कीं दुर्बीणही लागत नाहीं. लागतो तो थोडा वेळ आणि थोडी स्वस्थता. या दोन वस्तु विद्यार्थ्यांपाशीं असाव्यात, निदान सुटींत तरी असाव्यात, अशी अपेक्षा आहे.

सांदवाडी म्हणजे काय हें करडीच्या किंवा झाडीपट्टींतील कोणाही वाचकास सांगावयास नको. परंतु हें वार्षिक बाहेरगांवींही जातें म्हणून दोन शब्द लिहितों. घराच्या मागील अंगास कांट्यांचें कुंपण घातलेली ती लहानशी जागा. तींत एक विहीर. न्हाणीचें पाणी जातें तेथें केळी व अळू. एक लिंबाचें झाड, एक कढीलिंबाचें, एक शेवगा, पेरू, सीताफळ. मांडवावर वाल व दोडका. एका कोपऱ्यांत सरपण, दुसऱ्यांत तणसाचा ढीग आणि पलीकडे गुरांचा कोठा. एवढ्याशा जागेंत किती जीव नांदतात याची मोजदाद करावयास कोणी बसला, तर त्याचे एक वर्ष सहज जाईल. हा लेख अशा एका वर्षाचा आहे. यांत आनंदाचा भाग आहे तसा भीतीचाही आहे. कारण शेजारी म्हटला कीं कधीं त्याच्याशीं भांडणही आलेंच.

वर्षाऋतु

शाळेचें वर्ष व शेतकऱ्याचें वर्ष हीं दोन्ही एकाच सुमारास, म्हणजे मृग नक्षत्राच्या आगेंमागें, सुरू होतात. पहिला पाऊस पडून माती मऊ झाली कीं तांबड्या मखमलीचा तुकडा चालत असावा तसा मृगाचा किडा बाहेर येतो. त्याचे पाय मोजून पाहा. ते आठ भरतील. किड्यांस सहा पाय असतात. तेव्हां आपण ज्याला किडा म्हणतों तो खरोखर कोळ्याच्या व गोचिडाच्या कुळांतील जीव आहे. पुस्तकांत वाचून ही गोष्ट विसरते. तळहातावर मोजून पाहिली म्हणजे विसरत नाहीं.

पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्रीं बोडीच्या कांठीं बेडकांचा जो गजर होतो तो सर्वांच्या परिचयाचा आहे. सकाळीं जाऊन पाहावें तों काल मळकट हिरवे दिसणारे मोठे बेडूक हळदीसारखे पिवळे झालेले असतात. ते नर होत. हा रंग थोडेच दिवस टिकतो आणि तो मादीस बोलावण्याकरितां असतो. या बेडकांवर एकदां मोठें संकट आलें होतें. त्यांचे पाय परदेशीं खाण्यासाठीं पाठविले जात आणि त्यापायीं लक्षावधि बेडूक मारले जात. बेडूक शेतांतील किडे खातो. तो गेला म्हणजे किडे वाढतात व त्यांच्यासाठीं अधिक विष फवारावें लागतें, हा विचार पुढें आला. अखेर १९८७ सालीं भारत सरकारनें ही निर्यात बंद केली. आपल्या बांधींत जो रात्रभर ओरडतो तो बिनपगारी राखणदार आहे, हें यावरून ध्यानांत यावें.

याच दिवसांत विहिरीवर वांकलेल्या बाभळीस किंवा शिंदीस सुगरणीचीं घरटीं लटकूं लागतात. नांव सुगरण असलें तरी विणणारा नर असतो. अर्धें घरटें झालें कीं मादी येऊन तें पाहते. पसंत पडलें तर राहते, न पडलें तर निघून जाते. पसंत पडल्यावर नर तें पुरें करतो आणि लगेच दुसरें विणावयास घेतो. घरटें पाण्यावर किंवा कांट्यांत बांधण्याचा हेतु उघड आहे: साप व मांजर यांस तेथें पोंचणें कठीण जावें. म्हणून शोभेसाठीं पावसाळ्यांत घरटें तोडून आणणें हें अत्यंत निष्ठुरपणाचें काम होय. विणीचा काळ संपल्यावर वाऱ्यानें खालीं पडलेलें घरटें उचलावें व त्याची वीण निरखावी.

लिंबाच्या किंवा कढीलिंबाच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा एक काळा-पांढरा ठिपका दिसला तर त्यास काडी लावून पाहा. तो हलेल, कारण ती लिंबाच्या फुलपांखराची अळी असते. शत्रूनें घाण समजून सोडून द्यावें म्हणून तिनें हें सोंग घेतलेलें असतें. पुढें ती हिरवी होते, कोष करते आणि कांहीं दिवसांनीं त्यांतून काळ्या-पिवळ्या नक्षीचें फुलपांखरूं बाहेर पडतें. तिनें खाल्लेल्या चार पानांनीं झाड मरत नाहीं. मूठभर कढीलिंब तिच्यासाठीं सोडून द्यावा, एवढेंच गृहिणींस मागणें आहे.

साप आणि आपण

आतां पावसाळ्यांतील ज्या पाहुण्याची सर्वांस भीति वाटते त्याच्याविषयीं लिहिलें पाहिजे. ही भीति खोटी नाहीं. आपल्या देशांत २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशानें सुमारे बारा लक्ष माणसें मृत्यु पावलीं असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे आणि त्यांतील बहुसंख्य खेड्यांतील होतीं. तेव्हां सापाविषयीं केवळ दयेच्या गोष्टी सांगून भागणार नाहीं.

माझें आजोळ वैनगंगेच्या कांठचें एक खेडें. मी दहा-अकरा वर्षांचा असतांना तेथें श्रावणांत शेजारच्या घरचें सात वर्षांचें मूल मण्यारीच्या दंशानें गेलें. तें जमिनीवर निजलें होतें. रात्रीं त्यास मुंगी चावल्यासारखें वाटलें. दंशाची सूज नाहीं, रक्त नाहीं. पहाटे पोट दुखूं लागलें, मग पापण्या मिटूं लागल्या. घरच्यांनीं आधीं त्यास मंत्र घालणाऱ्याकडे नेलें आणि दवाखान्यांत पोंचेपर्यंत उशीर झाला.

त्या दुःखांत गांवकऱ्यांनीं आठ दिवस दिसेल तो साप मारला. आमच्या सरपणाच्या ढिगांत कित्येक वर्षें एक लांब धामण राहत असे. आजी तिला "घरची" म्हणे आणि लांकडें काढतांना आधीं काठी आपटून तिला वाट देई. तीही त्या आठवड्यांत मारली गेली. मारणाऱ्यांत मी होतों, आणि पुढें होतों. त्या वेळीं मला तो पराक्रम वाटला. आजी कोणास कांहीं बोलली नाहीं. ज्या घरचें मूल गेलें त्या घराच्या दारांत उभें राहून धामण बिनविषारी असते असें कोण सांगणार होतें?

परंतु आज शांतपणें विचार करतां आमची चूक स्पष्ट दिसते. मण्यार रात्रीं हिंडते आणि दिवसा बिळांत किंवा फटींत दडते. आम्हीं मारले ते बहुतेक दिवसा उजेडीं दिसणारे साप होते. ज्या सापानें मूल नेलें तो त्यांत नसण्याचाच संभव अधिक. आणि त्या मुलाचा प्राण ज्या उपायांनीं वांचला असता, त्यांतील एकही उपाय आम्हीं त्या आठ दिवसांत केला नाहीं.

ते उपाय असे. पावसाळ्यांत जमिनीवर निजूं नये. खाटेवर निजावें, मच्छरदाणी लावावी व तिच्या कडा अंथरुणाखालीं खोंचाव्यात. रात्रीं बाहेर जातांना हातांत दिवा घ्यावा व पायांत जोडा घालावा. सरपण व तणस घराच्या भिंतीस लागून ठेवूं नये. धान्य उंदरांपासून सुरक्षित ठेवावें, कारण उंदीर आला कीं त्याच्या मागें साप येतोच. आणि दंश झालाच, अथवा झाल्याची नुसती शंका आली, तरी एक क्षणही मंत्रतंत्रांत घालवूं नये. जखम कापूं नये, चोखूं नये, दोरीनें घट्ट आवळूं नये. रोग्यास चालूं न देतां, दंश झालेला अवयव न हलवितां, १०८ क्रमांकाची गाडी बोलावून किंवा मिळेल त्या वाहनानें त्यास सरकारी दवाखान्यांत न्यावें. तेथें जी प्रतिविषाची लस देतात ती घोड्याच्या रक्तापासून तयार करतात आणि नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चारही सापांच्या विषावर ती चालते. म्हणून साप मारून किंवा पकडून दवाखान्यांत नेण्याची मुळींच आवश्यकता नाहीं. त्या खटपटींत दुसऱ्या माणसास दंश होतो. घरांत साप शिरला तर त्यावर दुरून नजर ठेवावी, मुलांस बाहेर काढावें आणि वनविभागास किंवा जाणत्या सर्पमित्रास बोलवावें.

शरद्

आश्विनांत धानाच्या लोंब्या भरूं लागतात आणि पाखरांच्या झुंडी उतरतात. मुनिया, सुगरण, चिमण्या, पोपट यांस दाण्यांचा मोह पडतो आणि शेतकऱ्याच्या कपाळास आठ्या पडतात. त्याचा राग समजण्यासारखा आहे. ज्यानें चिखलांत उभें राहून रोवणी केली त्यालाच त्या दाण्याचें मोल ठाऊक. पण हिशेब पुरा मांडावा. हींच चिमणी व हीच सुगरण आपल्या पिलांस दाणे भरवीत नाहीं. तीं कोंवळीं असतांना त्यांस अळ्या व किडे भरविते. कोतवाल, वेडा राघू व साळुंकी हे तर वर्षभर किडे टिपतात. म्हणून धानांत ठिकठिकाणीं काठ्या रोवून पक्ष्यांस बसावयास थांबे करावे, असें कृषितज्ज्ञही सांगतात. कोतवाल त्यावर बसतो, किडा दिसतांच झेप घालतो आणि पुन्हां त्याच काठीवर येतो. याच धानाच्या पाण्यांत आपला सारस घरटें करतो. सुमारे सहा फूट उंचीचा हा पक्षी महाराष्ट्रांत आतां मुख्यतः गोंदिया व भंडारा या जिल्ह्यांतच, आणि तोही मोजकाच, उरला आहे. ज्याच्या बांधींत त्याचें घरटें होईल त्यानें तें आपलें भाग्य समजून तेवढा तुकडा राखावा.

नवें धान घरीं आलें म्हणजे लोंब्यांचें एक झुबकें ओसरीच्या आड्याला टांगण्याची रीत धानाच्या मुलखांत पुष्कळ ठिकाणीं आहे. शोभा आपली, दाणे चिमणीचे. ही चाल मोडूं देऊं नये. पूर्वीं कवेलूंच्या छपरांत व मातीच्या भिंतींत चिमणीस हवी तितकी जागा मिळे. सिमेंटच्या घरांत फटच नसते. त्यासाठीं लांकडाची लहान पेटी करून तिला सुमारे सव्वा इंच व्यासाचें भोंक पाडावें आणि पश्चिमेचें ऊन न लागेल अशा जागीं, मांजराची उडी पोंचणार नाहीं इतक्या उंचीवर टांगावी. सुतारकामाच्या तासाला करण्यासारखें याहून चांगलें काम क्वचितच सांपडेल. २० मार्च हा दिवस २०१० सालापासून चिमणीचा दिवस म्हणून पाळतात; पेटी त्याच्या आधीं टांगलेली असावी.

दिवाळी जवळ आली कीं एक दुष्ट प्रकार चालतो. कांहीं लोक जादूटोण्याच्या नादानें घुबडें धरतात व मारतात. ज्या पक्ष्यास आपण लक्ष्मीचें वाहन म्हणतों त्यालाच लक्ष्मीपूजनाच्या सुमारास मारावें, याला काय म्हणावें? कोठाराजवळ राहणाऱ्या पांढऱ्या घुबडाचें मुख्य अन्न उंदीर. तें उंदीर सगळाच गिळतें आणि हाडें व केंस यांचा गोळा करून तोंडावाटे टाकतें. असा वाळलेला गोळा झाडाखालीं सांपडला तर काडीनें उकलून पाहावा. आंत उंदरांच्या कवट्या निघतात. घुबड अशुभ कीं उपकारक, याचा पुरावा त्या गोळ्यांत आहे.

हेमंत व शिशिर

आजोळच्या गोष्टीचा दुसरा भाग या ऋतूंतला आहे. मळणी होऊन ढोल्या भरल्या आणि पौषांत एके दिवशीं आजीनें धान काढण्यासाठीं ढोलीत हात घातला, तों बुडाशीं नुसता भुसा. उंदरांनीं मातीचें बूड पोखरून कित्येक पायली धान नेलें होतें आणि जें राहिलें तें खाण्यालायक राहिलें नव्हतें. शेजारींही तीच रड. आजी एवढेंच म्हणाली, "घरची असती तर इतकें झालें नसतें." एका धामणीनें सगळें धान राखलें असतें असें मी म्हणत नाहीं. पण त्या पौषांत मला प्रथम कळलें कीं सांदवाडींतून एक जीव काढला तर त्याची जागा रिकामी राहत नाहीं. तेथें दुसरा येऊन बसतो आणि तो आपल्या पसंतीचा असेलच असें नाहीं.

थंडीचे दिवस पाहुण्यांचे. थिरथिरा नांवाचा चिमणीएवढा एक पक्षी याच दिवसांत आपल्या अंगणांत दिसतो. नराची पाठ काळी, पोट व शेपूट विटकरी. आणि ती शेपूट तो सारखी थरथरवीत असतो, म्हणून त्याला हें नांव. तो हिमालय व त्यापलीकडील थंड प्रदेशांतून येतो आणि उन्हाळा लागतांच परत जातो. विहिरीजवळ शेपटी खालींवर करीत धांवणारा परीटही बहुधा असाच दूरदेशचा असतो. ज्या प्रवासास माणसास सामानसुमान लागतें तो प्रवास हे चिमुकले जीव पंखांच्या बळावर करतात आणि पुष्कळदां मागील वर्षाच्याच ठिकाणीं उतरतात. तेथें त्यांस झुडूप व पाणी मिळावें, इतकें आतिथ्य आपल्या हातून घडावें.

संक्रांतीस पतंग उडवावा, परंतु नायलॉनच्या मांजानें उडवूं नये. तो तुटत नाहीं, कुजत नाहीं आणि झाडावर महिनोन्‌महिने फांस होऊन लटकत राहतो. त्यांत पक्ष्यांचे पंख व प्रसंगीं माणसांचे गळेही कापतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१७ सालीं त्यावर बंदी घातली आहे. सण झाल्यावर झाडांवरील दोरे काढून आणण्याचें काम पतंग उडविणाऱ्यांनींच करावें.

एका मोठ्या पक्ष्याची कथा येथें सांगितली पाहिजे, कारण तिचा उगम कोठ्यांत आहे. पूर्वीं मेलेलें गुरूं गांवाबाहेर टाकलें कीं घटका दोन घटकांत गिधाडें आकाशांतून उतरत आणि हाडें तेवढीं शिल्लक ठेवीत. १९९० नंतर तीं झपाट्यानें नाहींशीं होऊं लागलीं. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकीं शंभरांतील नव्याण्णवाहून अधिक गेलीं. कारण कोणास उमगेना. शेवटीं २००४ सालीं सिद्ध झालें कीं गुरांच्या दुखण्यावर देण्यांत येणारें डायक्लोफिनॅक हें औषध त्यांस मारक ठरत होतें. औषध दिलेलें गुरूं मेलें आणि तें गिधाडानें खाल्लें, कीं त्याचे मूत्रपिंड निकामी होत. २००६ सालीं गुरांसाठीं हें औषध बंद झालें आणि २०२३ सालीं तसल्याच आणखी दोन औषधांवर बंदी आली. मेलॉक्सिकॅम हें औषध गुरांस गुणकारी असून गिधाडांस निरुपद्रवी आहे. पशुवैद्यास तें मागावें. कोणा शेतकऱ्याच्या मनांत गिधाड मारावें असें नव्हतें. आपल्या बैलाची कळ थांबावी एवढीच त्याची इच्छा होती. तरीही आकाश रिकामें झालें. म्हणून घरांत, शेतांत किंवा कोठ्यांत जें विष वा औषध आपण वापरतों तें पुढें कोठें जातें, हा प्रश्न विचारण्याची संवय लहानपणापासून लागली पाहिजे.

वसंत

फाल्गुनांत पळस पेटतो आणि कांटेसावर लाल होते. फुलांतील मधासाठीं पळसमैनांचे थवे येतात. साळुंकी, बुलबुल, कावळे व खारी यांचीही तेथें गर्दी होते. चोंच परागांनीं माखून घेऊन हे सर्व एका फुलावरून दुसऱ्यावर जातात आणि नकळत झाडाचें काम करतात. रात्रीं हेंच काम वटवाघुळें मोहाच्या झाडावर करतात व पुढें टोळ्या खाऊन बियाही दूर नेऊन टाकतात. मोहावर ज्यांच्या घरचा संसार चालतो त्यांनीं वटवाघुळास शिव्या देऊं नयेत.

याच वेळीं मोहफुलें वेंचणें सोपें जावें म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविण्याची संवय आपल्या भागांत आहे. ती आग पुष्कळदां रानांत शिरते. पाचोळ्यांत सरडे, बेडूक, गोमा व असंख्य किडे असतात; जमिनीवर अंडीं घालणारे पक्षीही असतात. पाचोळा झाडून बाजूस करावा, किंवा झाडाखालीं जुनें कापड अथवा जाळें पसरावें. फुलें स्वच्छ मिळतात आणि आगही लागत नाहीं. सांदवाडींतला पाचोळा तर एका खड्ड्यांत लोटावा. पावसाळ्यापर्यंत त्याचें खत होतें.

चैत्रापासून कोकीळ ओरडूं लागतो. गाणारा काळा असतो तो नर. मादी तपकिरी असून अंगावर ठिपके असतात. ती आपलें अंडें कावळ्याच्या घरट्यांत टाकते आणि कावळा तें उबवितो. एवढ्या चतुर पक्ष्यासही कोणी फसवावें, याची गंमत वाटते. पण त्याबरोबर हेंही लक्षांत यावें कीं कावळ्याचें घरटें मोडणारा मुलगा कोकिळेचाही संसार मोडतो.

ग्रीष्म

वैशाखांत बोड्या आटतात. भंडारा हा तळ्यांचा जिल्हा. कोहळी लोकांनीं बांधलेले व मालगुजारांनीं राखलेले तलाव गांवोगांवीं आहेत. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी गेल्यावर ते सरकारच्या ताब्यांत आले आणि आज आपण त्यांस मामा तलाव म्हणतों. त्यांतील अनेक गाळानें भरले आहेत. ते मोठें काम गांवानें व सरकारनें करावयाचें. परंतु एक लहानसा तलाव प्रत्येक मुलास करतां येतो. मातीचें पसरट भांडें घ्यावें. त्यांत दोन इंचांहून अधिक पाणी नसावें. मधमाशी व लहान पक्षी यांस बसतां यावें म्हणून मध्यें एक दगड ठेवावा. तें सांवलींत, पण मांजरास दबा धरतां येणार नाहीं अशा मोकळ्या जागीं ठेवावें. रोज पाणी बदलावें व भांडें घासावें. तसें न केल्यास त्यांत डांस होतात आणि पक्ष्यांमध्यें रोग पसरतो. अर्धवट धर्म करण्यापेक्षां तो न केलेला बरा. दाणे टाकावयाचे तर कणी किंवा ज्वारी टाकावी. खारट व तळलेले पदार्थ टाकूं नयेत.

घरट्यांतून पडलेलें पिलूं सांपडलें तर तें घरीं आणून पाळण्याचा मोह आवरावा. पंख फुटलेलें असेल तर तें उडावयास शिकत असतें व आईबाप जवळच असतात. त्यास उचलून फांदीवर ठेवावें आणि दूर व्हावें. उघडें असेल तर घरट्यांत परत ठेवावें. माणसाचा हात लागला म्हणजे पक्षी पिलास टाकतात, ही समजूत खोटी आहे. पोपट, मुनिया वगैरे पक्षी पिंजऱ्यांत ठेवणें हें वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्यानें गुन्हा आहे. "मिठू" म्हणून हांक मारणारा पोपट आपल्याला गोड वाटतो. परंतु तो जन्मठेपेंत आहे, हें विसरूं नये.

एक विनंति

विद्यार्थिमित्रहो, एक वही घ्या. तींत तारीख घालून रोज दोन ओळी लिहा: आज कोण आला, कोण गेला, कोणतें झाड फुललें, पहिला बेडूक कधीं ओरडला, थिरथिरा कोणत्या दिवशीं दिसला. सुप्रसिद्ध पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांच्या कामाचा पाया अशाच नोंदी होत्या. सोलापुरास जन्मलेले मारुति चितमपल्ली आपल्या शेजारच्या नवेगांवबांधास वनाधिकारी होते. रानांतील माणसांपासून ऐकलेलें व डोळ्यांनीं पाहिलेलें त्यांनीं टिपून ठेवलें, म्हणून मराठी वाचकांस तें लाभलें. ते २०२५ सालीं निवर्तले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर व सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. यांमधील आठवडा २०२० पासून महाराष्ट्रांत पक्षी-सप्ताह म्हणून पाळला जातो. त्या आठवड्यांत वर्गावर्गांनीं आपल्या वह्या एकमेकांस वाचून दाखवाव्यात. पांच वर्षें अशा वह्या जमल्या तर त्या शाळेचें मोठें धन होईल.

पालकांस विनंति अशी कीं, मुलाच्या हातांतील गलोल काढून घ्यावयाची तर तिच्या जागीं ही वही द्यावी. नुसतें काढून घेतलेलें मूल दुसरी गलोल करतें.

माझ्या आजोळीं आतां खाटा आहेत, मच्छरदाण्या आहेत आणि ढोलीच्या जागीं पत्र्याची कोठी आली आहे. सरपण घरापासून दूर, कुंपणाजवळ, दगडांवर रचलेलें असतें. त्या मुलाच्या घरची आई आतां म्हातारी झाली आहे. पावसाळा लागला कीं ती शेजारपाजारच्या घरीं जाऊन मुलें खाटेवर निजतात कीं नाहीं हें अजून पाहते, आणि कोणी कंटाळा केला तर रागावते. गेल्या दोन पावसाळ्यांत त्या सरपणांत एक लांब धामण दिसते. ही गोष्ट मीं त्या माउलीस भीत भीत सांगितली. ती थोडा वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "राहूं दे. लांकूड काढतांना काठी आपट, म्हणजे झालें."